घट

रविवारी पहाटे कोंडा उठला नाही.
एरवी शटर वर जायच्या आत पायात यायचा.
आज गिरणीच्या पट्ट्याखाली आडवा,
पोट असं, की वरचे दोन पाय अधांतरी.

पाच किलोचं सगळं कुत्रं.
टिचकी मारली पोटावर,
तर शेकलेल्या हलगीसारखं वाजलं.
ओकायला बघायचा, नुसता फेस यायचा,
आणि दर खेपेला माझ्याकडे नजर,
जणू मीच काहीतरी अडवून धरलंय.

सेलूचा जनावरांचा दवाखाना कुलपात.
शाहेदाबी दळण घेऊन आल्या होत्या.
म्हणाल्या, "ओवा चारा."
मग वाकून नीट बघितलं.
"ओव्याचं काम न्हाई हे, विसंभरभाऊ.
परभणीला न्या. चला, मीबी येते,
माझी लेक तिथंच दिलीय."

पंधरा किलोच्या डब्यात बसवला त्याला, झाकण न लावता.
पॅसेंजरमधे एकानं विचारलं, "पीठ का?"
"हाव," म्हणलं.
खोटं नव्हतं ते.
पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं.
मानवत रोडला डबा कण्हला,
तो माणूस उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

कॉलेजच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरीण,
कोटावर नाव हत्तीअंबीरे,
मनगटावर मांजरानं ओढलेल्या चार रेघा.
फोटो काढला, उजेडावर धरला:
"पोट पिळलेलं नाही, नशीब.
हा काळा गोळा म्हणजे वायू. आणि खाली हे...
काय खाल्लं यानं?"
"भाकर."
"अजून?"
"दूध-भाकर."
"काका, आत काहीतरी फुगायलंय.
खरं सांगा, औषध त्यावर ठरतं."

आता खरं असं, की
काट्यामागं माझा एक पत्र्याचा डबा असतो.
दर दळणामागं एक मूठ.
कुणी विचारलं तर, घट हाय, मशीन खातं.
वीस वर्षं मशीन खात आलंय.
शनिवारी रात्री झाकण लावायचं राहिलं.
वरून पाणीही प्यायला असणार भांडंभर.

म्हणजे कोंड्याच्या पोटात
गुट्टे गुरुजींची शाळू,
मोंढ्यातल्या हमालांचा रेशनचा गहू,
मठाशेजारच्या नव्या सुनेचं बेसन,
आणि शाहेदाबींची गुरुवारची ज्वारी,
सगळी गल्ली एका जागी भिजून
फुगत होती.

"पीठ," म्हणलं. "कच्चं. अर्धा किलो असंल."
"एवढं कुठून मिळालं त्याला?"

भिंतीवर गाईच्या कासेच्या रोगांचा तक्ता होता.
मी तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.
बाकावरून शाहेदाबी बोलल्या,
"गिरणी हाय की वो त्यायची. उडतं पीठ."

मग नळी घातली. वायू सुटला,
तिसऱ्या दिवसाच्या आंबलीचा वास,
खोलीभर, खिडकीबाहेर, व्हरांड्यात बांधलेल्या म्हशीपर्यंत.
डॉक्टरीण नाक दाबून हसली.
कोंड्याचं पोट ओल्या धोतरासारखं बसलं.
एक दिवस उपास. मग पातळ भात,
चमचा चमचा, चार वेळा. हळू फिरवा.
पिठाला तोंड लावू देऊ नका,
हे तिनं दोनदा सांगितलं.

परतीला फलाटावर शाहेदाबींनी पुडा फोडला,
एक बिस्कीट कोंड्याकडे नेलं,
आठवलं, स्वतःच खाल्लं.
चावता चावता म्हणाल्या,
"पावशेर. दर खेपेला.
आमच्या घरी बी काटा हाय, भाऊ."
आणि गाडी कामून येईना म्हणून रुळाकडे बघत बसल्या.
लेकीकडं जायचं राहिलंच होतं त्यांचं.

मंगळवारी कोंड्यानं बाभळीखाली केलं, नीट, घट्ट.
मी चप्पल हातात घेऊन बघत उभा राहिलो,
एवढ्या लक्षानं मी कधी हिशोबही बघितला नव्हता.

डबा घासून पालथा घातलाय उन्हात.
मठाशेजारची सून म्हणाली,
"आज जास्त भरलं का वो, काका?"
जातं नवीन टाकलं, म्हणलं.
म्हणजे जीभ अजून तीच आहे.

शाहेदाबी येतात गुरुवारी.
पूर्वी काट्याकडे बघायच्या,
आता मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून बसतात,
आणि कोंडा त्यांच्या पायाशी
पोट वर करून.